रबरी हाताला बाही

बाई, तुमच्या नर्सिंग कॉलेजातल्या दोन मुली काल माझ्या बेडपाशी आल्या. म्हणाल्या, मॅडमवर पुस्तिका काढतोय, तुम्हीपण दोन पानं लिहा. जाता जाता एकजण म्हणाली, "आजी, चांगलं चांगलं लिहा हं." मी म्हटलं, "माझी शाळा चौथीपर्यंत. वाईट लिहायला पाचवीत शिकवतात." दोघी हसल्या. तुम्ही हसला नसतात. माझं कुठलं बोलणं खरं आणि कुठलं नुसतं तोंड चालवणं, ते तुम्हाला कळायचं.

सगळे तुम्हाला मॅडम म्हणत. मी बाई म्हणायचे, कारण माझ्या शाळेत शिकवणारीला बाईच म्हणत. तुम्ही माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. तरी बाईच.

मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्या उजव्या हातात सुया असतात. त्या दिवशी लिहिता येत नाही, म्हणून आज बुधवारी बसलेय. सुया उजव्या हातात का, डाव्या हातात का नाहीत, तेवढंच मला लिहायचंय. तुमचं शिक्षण, नोकरी, तुम्हाला मिळालेल्या शाली, ते लिहायला माणसं आहेत.

आधी राग सांगते. दोन्ही किडन्या जाऊन मला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी त्या डायलिसिसच्या मशिनीला बांधलेली. शेजारचे बेड माझ्यादेखत रिकामे झाले आणि भरले. आणि तुम्ही, विश्रांतवाडीहून स्कूटरवर येणाऱ्या, लिफ्ट सोडून जिना चढणाऱ्या, डेंगूच्या तापाने सहा दिवसांत गेलात. टेक्निशियनने सांगितलं तेव्हा माझी मशीन नुकती सुरू झाली होती. मी त्याला म्हटलं, "सकाळी सकाळी काहीतरी बोलू नकोस." मग चार तास तशीच पडून होते. उठून जाण्याची सोय नाही तिथे. रडले नाही. राग आला. एवढी घाई तुम्ही कधी कशाची केली नव्हती.

पहिल्यांदा तुम्ही निळ्या कपड्यांतल्या सहा मुली घेऊन आलात, ते आठवतं. मला म्हणालात, "आजी, तुमचा हात मुलींना दाखवू का?" तोवर मला असं कोणी विचारलं नव्हतं. येणारा यायचा, हात उचलायचा, बघायचा आणि टाकायचा. मी पस्तीस वर्षं मंडईत पालेभाजी विकली. गिऱ्हाईकसुद्धा मेथीची जुडी उचलायच्या आधी "कशी दिली?" एवढं तरी विचारतं. मी म्हटलं, "दाखवा. पण त्यांना सांगा, चिमटून बघायला ही काही कोथिंबीर नाही."

तेव्हा माझा डावा हात चांगला होता. मनगटाच्या वर दोन नसा एकमेकींना जोडून डॉक्टरांनी एक जाड नस तयार केली होती. तुम्ही लोक तिला फिस्टुला म्हणता. रक्त तिच्यातूनच मशिनीत जातं आणि धुऊन परत येतं. वर बोटं ठेवली की आत सारखी थरथर लागते. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावला की लागते तशी. तुम्ही एकेका मुलीची बोटं माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "ही थरथर आहे तोवर आजींचं सगळं चालू आहे. ती बंद पडली की तासाभरात दवाखाना. आणि या हाताला कधी बीपीचा पट्टा बांधायचा नाही, कधी रक्त काढायचं नाही, कधी सलाइन लावायचं नाही." मग तुमचं ते वाक्य. "आधी बाही वर. मग बोटं. मग कुठला हात ते ठरवायचं."

तिथून आपलं जमलं. दर नव्या बॅचला तुम्ही माझ्याकडे आणायचात. एकदा एका मुलीने नुसतं "आजी, हात द्या" म्हटलं आणि मी मुद्दाम डावा पुढे केला. ती पोर हुशार. बाही वर केली, बघितलं आणि म्हणाली, "हा नाही, तो द्या." तुमचा चेहरा काय खुलला होता! तेव्हापासून तो आपला खेळच झाला. मी डावा हात द्यायचा, बाही खाली ठेवून. तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, गप्प. मुलीने ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं आणि पट्टा हाताला लागला, की मी म्हणायचं, "थांब." नियम तुम्हीच घातला होता. पट्टा लागला की थांब. फुगवेपर्यंत वाट बघायची नाही.

सहा वर्षांत किती मुलींना मी थांब म्हटलं असेल! एकही विसरली नसेल.

भांडायचोही. पाण्यावरून जास्त. आमच्यासारख्यांना दिवसाला मोजून पाणी. लघवी होत नाही, म्हणजे प्यालेलं सगळं अंगात राहतं. दर वेळी मशिनीवर बसायच्या आधी वजन करतात, आणि काटा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. शेजारच्या बेडवरचे गुरवकाका, रिक्षा चालवायचे, एकदा साडेतीन किलो वाढवून आले. वर म्हणतात, "सिस्टर, देवाशप्पथ, घोटभर प्यालो."

मी माझ्या बेडवरून म्हटलं, "घोट कशाने घेतला काका? बादलीने?"

सगळे हसले. काका तोंड फिरवून झोपले. तुम्ही स्टूल ओढलंत, त्यांच्यापाशी बसलात. नातवंडांचं विचारलंत, पायावरची सूज बघितलीत. मग म्हणालात, "काका, अजून काही सांगायचं राहिलंय का?" आणि गप्प. मुली घड्याळं बघायला लागल्या, तरी तुम्ही गप्प. मग काका छताकडे बघत म्हणाले, "पुतणीचं लग्न होतं हडपसरला. मठ्ठा होता. वाढणारा ओळखीचा निघाला."

त्यावरून आपलं जुंपलं. मी म्हटलं, "बाई, एवढा वेळ कोणाला असतो? एक शब्द टाकून खोटं पकडायचं, झापायचं, मोकळं व्हायचं. माणूस घाबरून तरी पाणी कमी करतो."

तुम्ही म्हणालात, "घाबरलेला माणूस पाणी कमी करत नाही आजी, सांगणं कमी करतो."

"म्हणजे खोटं कळलं तरी गप्प बसायचं?"

"कळलं तरी. त्याने आपणहून सांगायला जागा ठेवायची."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर पुढच्या वेळी परत विचारायचं."

मी म्हटलं, "तुम्हाला मंडईत बसवलं असतं तर दुपारपर्यंत गाळा लुटला असता लोकांनी." तुम्ही खूप हसलात. पण ऐकलं नाहीत. मीही ऐकलं नाही. तो वाद तसाच राहिलाय.

मग तो रबरी हात आला.

कोणीतरी कॉलेजला देणगी दिली होती. तुम्ही तो टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा माझ्याकडे आणलात. "आजी, हा बघा तुमचा जोडीदार." आत लाल पाणी, बटण दाबलं की थरथरतो. रंग असा की उकडलेलं रताळं बरं. तुम्ही म्हणालात, "आता मुली आधी याच्यावर शिकतील, मग तुमच्याकडे येतील. सारखा तुमचाच हात किती दाबायचा?"

तुम्ही माझ्या भल्याचं बोलत होतात. ते मला तेव्हाही कळत होतं. पण मला ऐकू आलं एवढंच, की आता तुमची गरज नाही. नवऱ्याच्या पश्चात गाळा पुतण्याकडे गेला, घरात सून बघते, औषधं मुलगा आणतो. माझं काम म्हणून राहिलं होतं ते तेवढंच. आठवड्यातून दोनदा हात द्यायचा आणि थांब म्हणायचं. मी म्हटलं, "छान आहे. माझ्यासारखं पथ्य नाही, मीठही चालत असेल त्याला." तुम्ही हसलात. त्या दिवशी मात्र तुम्हाला कळलं नाही.

आता तो शुक्रवार.

थंडीचे दिवस होते, त्यात तुमचं ते एसी. मी मालकांचा जुना तपकिरी स्वेटर घालून आले होते, लांब बाह्यांचा. मशीन संपली, सुया काढल्या, हाताला पट्टी बांधली. तुम्ही कोमलला घेऊन आलात. सासवडच्या बाजूची पोर, धीट. म्हणालात, "आजी, ही रबरी हातावर पहिली आली." तेवढ्यात इनचार्ज सिस्टरने तुम्हाला हाक मारली. "आलेच दोन मिनिटांत. तोवर हात लावू नकोस," असं तिला सांगून गेलात.

ती थोडा वेळ थांबली. मग बीपीचं यंत्र हातात असलेली पोर, तिच्याच्याने राहवेना. म्हणाली, "आजी, हात द्या की. मॅडम येईस्तोवर करून ठेवते."

मी स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढली. पट्टी झाकली. आणि डावा हात दिला.

तिने बाही वर केली नाही. रबरी हाताला बाही नसते, बाई. कपडा बाजूला करायची सवयच तिच्या हाताला लागली नव्हती. तिने स्वेटरवरूनच दंडाला पट्टा गुंडाळला. मी थांब म्हणायचं होतं. म्हटलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की बाई आता येतील, बघतील, आणि त्यांना कळेल की त्यांचं रताळं काय शिकवतं. तिने फुगवलं. मशीननंतर माझं बीपी खाली असतं, तिला काही ऐकू येईना. परत फुगवलं. मग तिसऱ्यांदा, आणि खूप वेळ तसंच ठेवलं. हात काळानिळा व्हायला लागला. मी छताकडे बघत पडून राहिले.

तुम्ही दारातूनच ओरडलात. एवढ्या वर्षांत तुमचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. पट्टा सोडलात, बाही वर केलीत, बोटं ठेवलीत. थरथर होती, पण मंद. मला विचारलंत, "आजी, थांब का म्हणाला नाहीत?"

मी म्हटलं, "डोळा लागला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेहमीसारखी बोटं ठेवली. गिरणी बंद होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन करून नस उघडायला गेले, उघडली नाही. तीन महिने मानेत नळी घालून मशिनीवर बसले, दोनदा तापाने फणफणले. मग उजव्या हातात नवी नस केली. ते माझं मी केलं, मी भोगलं. त्याचं मला काही नाही. पण कोमलचं ते पोस्टिंग बाद धरलं आणि ती बरोबरीच्या मुलींच्या मागे पडली. तुम्ही लिहून दिलंत, की विद्यार्थिनीला एकटं सोडून मी गेले, जबाबदारी माझी. त्यावर वर्षभर मुलींना युनिटमध्ये यायची बंदी झाली आणि तुम्हाला वर्गात बसवलं. वर्षभर त्या मुली नुसत्या पुस्तकातून किडनी शिकल्या. माझ्या एका न म्हटलेल्या शब्दापायी.

तरी तुम्ही यायचात. दर शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, एकट्या. माझ्या घरच्या भाज्यांची चौकशी करायचात. क्षार जावेत म्हणून पालेभाजी उकडून वरचं पाणी ओततेय का, शहाळं घेत नाहीये ना. जन्मभर पालक-चाकवत विकणारीला पालकाचं पाणी ओतायला लावलंत. जाताना स्टुलावरून उठायच्या आधी म्हणायचात, "आजी, अजून काही सांगायचं राहिलंय का?"

मला वाटायचं, सवय आहे तुमची. सगळ्यांनाच विचारता. मी काहीबाही बोलायचे. एकदा म्हटलं, "राहिलंय ना, तुमच्या साडीचा रंग तुम्हाला शोभत नाही." एकदा म्हटलं, "सुनेला सांगा, भात कच्चा ठेवते." तुम्ही हसायचात, जरा थांबायचात, आणि जायचात. दोनतीनदा अगदी ओठावर आलं होतं. एकदा तर "बाई" म्हणूनही झालं. तुम्ही वळलात. मी म्हटलं, "जिन्यावर पाणी सांडलंय, जपून जा."

एक दिवस तुम्ही विचारलंत, "तो तपकिरी स्वेटर हल्ली घालत नाही?" मी म्हटलं, "कोपरावर विरलाय." तुम्ही म्हणालात, "मग मला देता?" मला वाटलं, कोणा गरजूला देत असाल. दुसऱ्या खेपेला पिशवीत घालून दिला. सुटले म्हटलं, डोळ्यांपुढून गेला.

शेवटच्या शुक्रवारी तुम्ही तसंच विचारलंत. मी म्हटलं, "हो, राहिलंय. या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो, पडाल एखाद दिवशी. इनचार्जला सांगा." पुढच्या शुक्रवारी स्टूल दुरुस्त होऊन आलं होतं. तुम्ही आला नाहीत. त्या दिवशी तुम्हाला ताप होता म्हणे.

तुमच्या घरच्यांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विश्रांतवाडीच्या विहारात ठेवला होता, त्याला मला येता आलं नाही, मशिनीचा दिवस होता. कॉलेजातल्या शोकसभेला मात्र रिक्षा करून आले. जिना चढवेना म्हणून मुलींनी मला खालच्याच वर्गात बसवलं, जिथे तुम्ही हातावर शिकवायचात. टेबलावर रबरी हात होता.

त्याला बाही होती. तपकिरी. दंडापासून मनगटापर्यंत ओढलेली, वरची कड दोऱ्याने दुमडून शिवलेली. कोपरावर विरलेली.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. कोमल. आता हडपसरला एका डायलिसिस सेंटरमध्ये नोकरीला आहे. अंगाने भरलीय. म्हणाली, "मॅडमनी स्वतः शिवली. बाही वर केल्याशिवाय मार्कच देत नव्हत्या."

मी म्हटलं, "कोमल, त्या दिवशी मी झोपले नव्हते."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "डोळे उघडे होते तुमचे. वर बघत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दुसऱ्याच दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. आजी जाग्या होत्या, आजींनीच हात दिला."

"मग?"

"मॅडम म्हणाल्या, आजींनी हात दिला तरी बघायचं काम तुझं होतं. पेशंटने हात पुढे केला म्हणून चूक पेशंटची होत नाही. एक चूक तुझी, एक माझी. आणि म्हणाल्या, हे कोणापाशी बोलायचं नाही. आजी सांगतील. आपण त्यांना जागा ठेवायची."

तिला मी म्हटलं, "तुझं वर्ष गेलं माझ्यामुळे." ती म्हणाली, "गेलं. लई रडले तेव्हा. तुम्हाला शिव्यापण घातल्या. पण आजी, आता हजार पेशंटच्या गर्दीत झोपेतपण बाही वर करते मी." मग मला पाणी हवं का विचारलं, आणि लगेच म्हणाली, "अर्धाच कप हं."

म्हणजे बाई, तुम्हाला माहीत होतं. तीन वर्षं. दर शुक्रवारी.

हे मला तुमचं पटलेलं नाही. गेलात म्हणून मी खोटं म्हणणार नाही. गुरवकाकांचं ठीक होतं, ते मऊ माणूस. माझ्यासारखीला जागा ठेवून काय उपयोग? तुम्ही एकदा पलंगाशी उभं राहून म्हणायचं होतंत, "आजी, तुम्ही खोटारड्या आहात." मी त्याच क्षणी कबूल केलं असतं, दोन शब्द तुम्हालाही सुनावले असते, रडलेही असते कदाचित. झापलं असतंत तर सुटले असते. तुम्ही विचारत राहिलात, आणि मी स्टुलाच्या पायाचं सांगत राहिले.

की यात तुमचंच बरोबर होतं आणि मी फक्त उशीर केला? ते आता कोणाला विचारू?

काल त्या दोघी पुस्तिकेचं सांगून गेल्यावर नव्या बॅचमधली एक मुलगी आली. किरकोळ, चष्मा, हात गार. म्हणाली, "आजी, हात द्या." मशीन अजून लागायची होती. मी उजवा दिला, बाही खाली ओढून. तिने बाही वर केली. बोटं ठेवली, थरथर मोजल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाली, "हा नाही, तो द्या." मी डावा दिला. त्याला आता कोणीही पट्टा बांधू शकतं.

बीपी लिहून घेतलं. मग कागदाकडे बघत, पाठ केलेला धडा म्हणावा तशी, म्हणाली, "अजून काही सांगायचं राहिलंय का?"

तिचे अजून चार बेड बाकी होते. पाय दाराकडेच वळलेले होते तिचे.

मी म्हटलं, "हो, राहिलंय. बस."

तिने स्टूल ओढलं. आता ते डुगडुगत नाही.